सलाईनची नळी आणि तिची परीक्षा

मागील अंकीं आम्हीं घरांतील औषधांच्या पेटीविषयीं चार शब्द लिहिले, त्यावर बरींच पत्रें आलीं. त्यांपैकीं मेहकराकडील एका वाचकभगिनींचें पत्र आम्हांस विशेष विचार करण्याजोगें वाटलें. त्यांचे सासरे कांहीं दिवस रुग्णालयांत होते. आरंभीं सलाईनची बाटली नुसती टांगून थेंब मोजले जात. पुढें प्रकृति ढांसळली तेव्हां औषध पंपावर घेण्यांत आलें, आणि तो पंप घटकेघटकेस ओरडूं लागला. आतां सासरे बरे होऊन घरीं आले आहेत, आणि आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ त्या रुग्णालयास तसाच एक पंप अर्पण करावा असें त्यांच्या मनांत आहे. हा पंप खरोखर भरंवशाचा असतो काय, आणि तो घेतांना काय पाहावें, असा त्या बाईंचा प्रश्न आहे.

प्रश्न वैद्यकाचा दिसतो, आणि आम्ही कांहीं वैद्य नव्हों. आमचें आयुष्य मुलांकडून रूपावलि घोकून घेण्यांत व त्रैराशिक शिकविण्यांत गेलें. परंतु बारकाईनें पाहिलें असतां या प्रश्नाचा गाभा त्रैराशिकाचाच आहे. इतकें द्रव इतक्या तासांत, तर एका मिनिटांत किती? शिवाय आमच्या हाताखालून गेलेलीं दोन मुलें आज याच कामांत आहेत. एक परिचारिका झाली, दुसरा रुग्णालयांतील यंत्रांची देखभाल करणारा अभियंता. त्यांच्यापाशीं बसून जें समजून घेतलें तें येथें मांडतों. औषध कोणतें द्यावें व किती द्यावें हा डॉक्टरांचा अधिकार; त्यांत आम्ही शिरत नाहीं.

शिरेंतून द्रव देण्याची कल्पना जुनी आहे, पण ती खरी उपयोगीं पडली ती पटकीच्या सांथींत. १८३१ सालीं इंग्लंडांत पटकी शिरली, तेव्हां विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासून असें दाखविलें कीं, त्यांतील पाण्याचा व क्षारांचा मोठा अंश नाहींसा झालेला असतो. पुढील वर्षीं, म्हणजे १८३२ च्या मे महिन्यांत, स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. टॉमस लाटा यांनीं एका वृद्ध स्त्रीच्या शिरेंत चांदीची बारीक नळी घालून खारें पाणी सोडलें. खोल गेलेले डोळे वर आले, नाडी हाताला लागली, बाई हुशारल्या. डॉक्टर समाधानानें तिला दुसऱ्याच्या स्वाधीन करून गेले, आणि साडेपांच तासांत तिचा अंत झाला. जुलाब-वांत्या पुन्हां सुरू झाल्या होत्या व गेलेलें पाणी भरून काढणारें कोणी नव्हतें. काय द्यावें याइतकेंच तें किती वेळ व कोणत्या गतीनें द्यावें हेंही महत्त्वाचें, ही गोष्ट अशी पहिल्याच रोग्याच्या वेळीं उघड झाली. हाच ओशॉनेसी पुढें कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें त्यानें उभारलें, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल.

थेंबाथेंबानें द्रव सोडण्याची कला आपल्या देवळांत मात्र त्याहून कितीतरी आधींपासून आहे. महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती, जिला संस्कृतांत गलंतिका म्हणतात, ती प्रत्येकानें पाहिलेली आहे. भोंकांत दर्भाची काडी किंवा वस्त्राची वात बसवून पुजारी धार कमी-अधिक करतो. काडी फुगली कीं थेंब मंदावतो, निसटली कीं संततधार लागते. पिंडीस त्यानें कांहीं बाधा होत नाहीं. घटिकापात्राचें मात्र तसें नव्हे. तळाशीं भोंक असलेलें तांब्याचें पात्र स्वच्छ पाण्यावर ठेवावें व तें अहोरात्रांत साठ वेळां बुडावें, असें सूर्यसिद्धांतांत सांगितलें आहे. म्हणजे एका बुडण्यास चोवीस मिनिटें. भोंक केसभर मोठें झालें तरी घटका चुकलीच. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा वाचकांस माहीत आहे. मुहूर्ताच्या घटिकापात्रांत ती डोकावली, तिच्या अलंकारांतील एक मोतीं निसटून नेमकें भोंकावर बसलें, पाणी शिरावयाचें थांबलें, आणि कोणाच्या ध्यानांत येण्यापूर्वींच मुहूर्त टळून गेला. ही कथा आचार्यांच्या ग्रंथांत नाहीं. फैजीनें १५८७ सालीं केलेल्या फारसी भाषांतरावरून ती पसरली. खरी असो वा नसो, वाट तुंबली आहे हें वेळेवर कळविणारें साधन नसलें म्हणजे काय होतें, याचें इतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें सांपडलें नाहीं.

आतां थेंबाच्या हिशेबाकडे वळूं. सलाईनच्या साध्या सेटांत बाटलीखालीं एक पारदर्शक कोठी असते व तींत वरून थेंब पडतात. आपल्याकडील मोठ्या माणसांच्या सेटावर बहुधा वीस थेंबांस एक मिलिलिटर असें छापलेलें असतें. लहान मुलांच्या सूक्ष्म थेंबांच्या सेटावर साठांस एक. डॉक्टरांनीं ५०० मिलिलिटर चार तासांत द्या म्हटलें, तर ताशीं १२५, म्हणजे ताशीं २,५०० थेंब, म्हणजे मिनिटास सुमारें ४२. अनुभवी परिचारिका हा हिशेब तोंडींच करतात: ताशीं जितके मिलिलिटर, त्यास तीननें भागावें. आतां असें समजा कीं, त्याच खाटेवर दुसऱ्या बनावटीचा, पंधरा थेंबांचा सेट आला आणि पाकिटावरचीं अक्षरें कोणीं वाचलीं नाहींत. थेंब ४२ च मोजले, पण प्रत्येक थेंब मोठा. ताशीं १६८ मिलिलिटर गेलें आणि चार तासांची बाटली तीन तासांतच संपली. भागाकार बरोबर, मोजणीही बरोबर. हिशेब एका सेटाचा आणि नळी दुसऱ्याची, एवढेंच काय तें झालें. धडधाकट तरुणास हें खपतें. ज्या आजोबांचें हृदय दुबळें आहे त्यांच्या छातींत तेवढ्यानेंच पाणी भरून येऊं शकतें.

सेट कारखान्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं त्याच्या कसोट्या ठरलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचें ८५३६ क्रमांकाचें मानक आहे. त्याचा चौथा भाग या एकदांच वापरून टाकावयाच्या सेटांविषयीं आहे. त्यांतील परीक्षा ऐकून आम्हांस मौज वाटली, कारण त्यांतल्या बहुतेक आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंतही करतां आल्या असत्या. नळींत वातावरणाच्या निम्म्या दाबाइतकी जादा हवा भरावयाची, ती पाण्यांत पंधरा सेकंद बुडवून धरावयाची आणि बुडबुडा येतो कीं काय तें पाहावयाचें. सायकलचें पंक्चर काढणारा याहून निराळें काय करतो? सांधे निसटतात काय हें पाहण्यास १५ न्यूटन जोरानें, म्हणजे साधारण दीड किलोचें वजन टांगल्याप्रमाणें, पंधरा सेकंद ताण द्यावयाचा. एक मीटर उंचीवरून चाक पुरतें उघडलें तर लिटरभर मिठाचें पाणी दहा मिनिटांच्या आंत खालीं आलें पाहिजे, कारण अपघाताच्या रोग्यास घाईनें द्रव द्यावा लागतो. शुद्ध पाण्याच्या वीस थेंबांचें वजन एक ग्रॅम भरावें. चूक फार तर एक दशांश ग्रॅमची. आंतील गाळणीचीं छिद्रें पंधरा मायक्रॉनांचीं, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाएवढीं.

यावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत येईल. उत्तम सेटाचाही थेंब शेंकडा दहानें लहानमोठा असण्यास मुभा आहे. त्यांत आणखी बाटली रिकामी होत जाते तसा दाब घटतो, चाकाखालीं चेपलेली प्लास्टिकची नळी तासा-दोन तासांत आपला आकार बदलते, रोगी हात दुमडतो, कोणी खाट वर घेतो. म्हणून एकदां थेंब लावून दिले कीं काम झालें असें होत नाहीं. ते पुन्हां पुन्हां मोजावे लागतात. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असतात हें ज्यांनीं रुग्णालयांत रात्र काढली आहे त्यांस सांगणें नलगे.

थोडें विषयांतर करतों. आमच्या जिल्ह्यांत अशक्तपणा आला कीं ‘एक बाटली लावून द्या’ असा आग्रह डॉक्टरांपाशीं धरण्याची चाल पडली आहे. पांच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलींत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे पांचसहा चमचे. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलींत मीठ साडेचार ग्रॅम. जो तोंडानें पेज घेऊं शकतो त्यास शिरेवाटें याहून कांहीं दिव्य वस्तु मिळत नाहीं. सुई टोंचल्याचा धोका तेवढा मिळतो. १९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि बनगांवच्या छावणींत सलाईन अपुरें पडूं लागलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी तोंडानें पाजूनच हजारों रोग्यांवर उपचार केले. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतील, संग्रामपूर-जळगांव जामोदकडील आमच्या वाचकांस दोन खाऱ्या पाण्यांतला भेद चांगला कळेल. विहिरीच्या पाण्यांतलें मीठ कोणीं मोजून घातलेलें नसतें. बाटलींतलें लिटरास नऊ ग्रॅम असें मोजून घातलेलें असतें. असो.

जुळणी पाहावयाची ती केवळ नळीची व बाटलीची नव्हे, तर नळींतून जाणाऱ्या औषधांचीही. रिंगर लॅक्टेट म्हणून जें द्रव सर्रास देतात त्यांत कॅल्शियम असतें. सेफ्ट्रायॅक्सोन या प्रतिजैविकाशीं त्याची गांठ पडली तर न विरघळणारा सांका तयार होतो. नवजात अर्भकांच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असा सांका सांपडल्यावर २००७ सालीं अमेरिकेच्या औषध प्रशासनानें त्याविषयीं इशारा दिला. रक्त चढविण्याच्या नळींतून रिंगर लॅक्टेट देत नाहींत, तें याच कॅल्शियममुळें, कारण त्यानें रक्त गोठूं लागतें. हृदयाच्या रोग्यांस देतात तें नायट्रोग्लिसरीन साध्या पीव्हीसीच्या नळीच्या भिंतींतच मुरतें, आणि बाटलींत घातलेलें औषध रोग्यापर्यंत पुरतें पोंचतच नाहीं.

याच्या अगदीं उलट प्रकारचाही एक दोष आहे. सिरिंज, सुया व नळ्या यांचीं तोंडें एकमेकांस बसतात तीं लूअर या पॅरिसमधील घराण्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निमुळत्या सांध्यामुळें. शंभरास सहा असा त्याचा उतार जगभर एकच आहे. सोय मोठी, पण तिच्यामुळें जें बसूं नये तेंही बसूं लागलें. नाकांतून पोटांत जाणाऱ्या नळीचें दूध शिरेच्या नळीस जोडलें गेल्याचे प्रकार ठिकठिकाणीं घडले, तेव्हां ८०३६९ या क्रमांकाचीं नवीं मानकें काढून पोटाच्या, मज्जारज्जूच्या व शिरेच्या नळ्यांचीं तोंडें बुद्धिपुरस्सर निरनिराळीं करण्यांत आलीं. तेव्हां सर्व कांहीं सर्वांस बसावें हा मेळ नव्हे.

आतां पंप. याचे मुख्य प्रकार दोन. एकांत बाटलीखालची नळीच यंत्रांत बसवितात. यंत्राचीं लहान लहान बोटें ती लाटेसारखी चेपीत जातात व द्रव पुढें ढकललें जातें. दुसऱ्यांत भरलेली सिरिंज आडवी ठेवून तिचा दट्ट्या स्क्रूच्या योगानें अगदीं सावकाश लोटला जातो. रक्तदाब टिकविणारें नॉरॅड्रिनॅलीन, इन्सुलिन, बाळंतिणीस देतात तें ऑक्सिटोसिन, किंवा कमी दिवसांच्या बाळाचें पोषण, अशा ठिकाणीं ताशीं एक-दोन किंवा पांच मिलिलिटरच जावयाचे असतात, आणि तेथें डोळ्यांनीं थेंब मोजून भागत नाहीं.

परंतु पंप द्रव मोजीत नाहीं, ही गोष्ट आमच्या अभियंता शिष्यानें सांगेपर्यंत आमच्याही ध्यानांत आली नव्हती. सिरिंजचा पंप मोजतो तें दट्ट्याचें सरकणें. बोटांचा पंप मोजतो ते बोटांचे फेरे. त्यावरून किती द्रव गेलें हें तो गणितानें ठरवितो, आणि त्या गणितांत नळीची किंवा सिरिंजची रुंदी आधींच धरलेली असते. समजा, पंपास २६ मिलिमीटर आंतील व्यासाची सिरिंज असें सांगितलें आणि प्रत्यक्षांत २८.६ मिलिमीटरची बसविली. व्यास दहा टक्के वाढला, तर क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणांत वाढणार, १.१ चा वर्ग १.२१. म्हणजे पडद्यावर १०० दिसत असतां रोग्यास १२१ गेले. दोन्ही सिरिंजवर ‘५० मिलिलिटर’ हेंच छापलेलें असूं शकतें. म्हणून चांगल्या पंपांत सिरिंजची बनावट निवडावी लागते, आणि ती निवडतांना हातांतली वस्तु व पडद्यावरचें नांव एक आहे काय हें पाहावें लागतें.

पंपाची परीक्षा कशी घेतात तें सांगण्यासारखें आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाचें ६०६०१ या मालिकेंतील एक मानक खास या पंपांसाठीं आहे. पंपांतून आलेलें पाणी सूक्ष्म तराजूवरील भांड्यांत पडूं देतात. वाफ होऊन वजन घटूं नये म्हणून पाण्यावर तेलाचा पातळ थरही देतात. बोटांचा पंप ताशीं २५ मिलिलिटरांवर, सिरिंजचा ५ वर लावतात, आणि दर अर्ध्या मिनिटास वजनाची नोंद होते. पहिल्या दोन तासांचा आलेख वेगळा, कारण आरंभीं यंत्रांतील ढिलाई निघेपर्यंत द्रव नीट येत नाहीं. पुढें दोन, पांच, अकरा, एकोणीस व एकतीस मिनिटांच्या अवधींत चूक कमींत कमी व जास्तींत जास्त किती झाली तें मांडतात. थोड्या वेळांत चूक मोठी दिसते, वेळ वाढेल तशी ती लहान होत जाते. वरची व खालची अशा दोन रेघा मिळून जो आकार होतो त्यास तुतारीचा आलेख म्हणतात. आमच्यासारख्या मास्तरास हा आलेख फार आवडला. तासाची सरासरी बरोबर असली तरी मधल्या पांच मिनिटांत रोग्यास काय मिळालें हा निराळा प्रश्न आहे, आणि ज्या औषधाचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो त्याच्या बाबतींत तोच खरा प्रश्न होय. बाटली पंपाच्या खालीं अर्धा मीटर ठेवून, आणि पुढून उलटा दाब देऊनही हीच परीक्षा पुन्हां करतात.

मोत्याची कथा पुढें आली ती येथें उपयोगी पडते. नळी दुमडली किंवा शिरेंतील सुई बंद झाली तर पंप ताबडतोब ओरडत नाहीं. आंत दाब सांचून ठराविक मर्यादेस पोंचला म्हणजे ओरडतो. समजा, तेवढा दाब होण्यास नळी ताणून एक मिलिलिटर द्रव सांचावें लागतें. ताशीं १०० च्या गतीस तें अर्ध्या मिनिटाहून थोड्या अधिक वेळांत सांचेल; ताशीं एकच्या गतीस पुरा एक तास लागेल, आणि त्या तासांत रोग्यास थेंबही मिळणार नाहीं. मग घाईनें दुमडलेली नळी सरळ केली कीं सांचलेलें एक मिलिलिटर एकदम आंत जाईल. नळी जितकी लांब व मऊ तितका हा दोष अधिक. म्हणून पंप वाजूं लागला तर नातलगांनीं बटण दाबून त्यास गप्प करूं नये, नळीही आपण होऊन सोडवूं नये. रोग्याचा हात अवघडला आहे काय एवढें पाहून परिचारिकेस बोलवावें. त्या बाईंनीं लिहिलें आहे कीं, पंप ओरडे म्हणून त्यांचा विश्वास उडाला. आम्हांस वाटतें, न ओरडणाऱ्याची भीति अधिक बाळगावी.

हीं यंत्रें निर्दोष आहेत असेंही नाहीं. २००५ ते २००९ या पांच वर्षांत अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे पंपांसंबंधीं सुमारें ५६,००० तक्रारी आल्या आणि ८७ वेळां कोणता ना कोणता पंप परत बोलवावा लागला. त्यामुळें २०१० सालीं त्यांनीं निर्मात्यांवर अधिक कडक परीक्षांची सक्ती आरंभिली. आपल्याकडे एकदां वापरावयाच्या सिरिंज, सुया व सलाईनचे सेट १९८९ सालीं औषधांच्या कायद्याखालीं आले. पंपांसह बाकीचीं बहुतेक सर्व वैद्यकीय उपकरणें १ एप्रिल २०२० पासून त्या कायद्याच्या कक्षेंत घेण्यांत आलीं.

दान देऊं इच्छिणाऱ्यांनीं जें विशेष ध्यानांत घ्यावें तें आतां सांगतों. जिल्ह्यांतीलच एका रुग्णालयांत, ज्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं, आमची ती परिचारिका शिष्या कामास आहे. तिला भेटावयास गेलों असतां कपाटांत दोन पंप दिसले, दोहोंवर ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ अशी पितळी पट्टी. वापरांत कां नाहींत म्हणून विचारलें, तेव्हां ती म्हणाली, ‘‘गुरुजी, पंप चांगले आहेत हो, पण त्यांचा सेट येत नाहीं. एका वेळचे सेट देणाऱ्यांनीं दिले होते, ते संपले. साधा सेट घातला तर पंप चालतो, पण पडद्यावर पन्नास दिसलें तरी आंत किती गेलें तें कसें सांगूं? म्हणून झांकून ठेवलेत.’’

आम्हांस राहवेना. पुढें एका रविवारीं अभियंता शिष्याला गांठलें आणि त्याच्या कामाच्या जागीं त्याच बनावटीच्या एका पंपावर, रोग्याशीं कांहीं संबंध नसतां, मोजण्याच्या कांचेच्या नळकांड्यांत पाणी सोडून पाहिलें. पंपाच्या स्वतःच्या सेटानें ताशीं ५० लावले व जवळजवळ तेवढेच भरले. साधा सेट घातला तेव्हां पडद्यावर ५० उमटलें त्या वेळीं नळकांड्यांत सुमारें पांचवा हिस्सा कमी. दुसऱ्या बनावटीचा साधा सेट घातला, त्याचें तिसरेंच माप. नळी काढून घेतांना तर खास सेटावरील लहानशी कडी आपोआप बंद झाली. साध्या सेटाला ती नव्हतीच, आणि चाक उघडेंच राहिल्यामुळें पाणी भळभळा वाहूं लागलें. त्याच्या जागीं खरें औषध असतें तर? अशा मोकळ्या धारेनें रोगी दगावल्यामुळें अमेरिकेंतील रुग्णालयांस मान्यता देणाऱ्या मंडळानें २००० सालींच त्याविषयीं सर्वांस सावध केलें होतें. ‘कोणतीही नळी चालेल’ असें सांगून विकले जाणारे पंपही बाजारांत आहेत. ते वाईट असें नव्हे, पण त्यांत प्रत्येक बनावटीची नळी आधीं मोजून नोंदवावी लागते, आणि पुढील खरेदींत स्वस्त म्हणून निराळी नळी आली कीं ती नोंद निरुपयोगी होते.

परिचारिकेनें पंप झांकून ठेवले यांत तिनें शहाणपणच केलें, असें आमचें मत आहे. पण दात्याच्या पैशांचें व रोग्याच्या गरजेचें काय झालें? हें एकट्या आमच्या जिल्ह्यांतलें दुखणें नाहीं. केंद्र सरकारनें सार्वजनिक रुग्णालयांतील यंत्रांची मोजदाद केली तेव्हां २९ राज्यांतील २९,११५ संस्थांत ७,५६,७५० यंत्रें आढळलीं, आणि राज्याराज्यांतून शेंकडा १३ पासून ३४ पर्यंत यंत्रें बंद होतीं. त्यावरून २०१५ सालीं यंत्रांच्या देखभालीची योजना आंखण्यांत आली. जिल्हा रुग्णालयांतील यंत्रें शंभरांपैकीं पंचाण्णव वेळ चालू असावींत असें तिचें माप आहे. माप चांगलें आहे. तरी चालू असणें व बरोबर असणें या दोन गोष्टी आहेत. आमचें घड्याळही चालू आहे, पण रोज चार मिनिटें मागें पडतें.

कोणी म्हणेल, यंत्राबरोबर प्रमाणपत्र येतें, मग आणखी परीक्षा कशाला? अशा वाचकांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांतील १९८६ सालची हकीकत आठवावी. रोग्यांस औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल हें विष निघालें आणि चौदा माणसें मूत्रपिंडें निकामी होऊन मरण पावलीं. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्या प्रकरणाची चौकशी केली, तींत खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी सांखळी उघडी पडली. खरेदी झाली होती, नोंदी झाल्या होत्या, रकमाही चुकत्या झाल्या होत्या. वस्तु रोग्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं ती तीच आहे काय हें पाहणारें मात्र कोणी नव्हतें.

म्हणून मेहकरच्या त्या कुटुंबास आमचें सांगणें असें. पंप जरूर द्यावा, परंतु दुकानांत जाण्यापूर्वीं रुग्णालयांत जावें. तेथें आज कोणत्या बनावटीचे पंप आहेत व कोणते सेट नियमानें खरेदी होतात हें प्रमुख परिचारिकेस विचारावें. अधिकाऱ्यांस विचारलें तर ते सौजन्यानें ‘द्याल तें चालेल’ म्हणतील. शक्य तर आहे त्याच बनावटीचा घ्यावा, म्हणजे परिचारिकांस दोन तऱ्हा शिकाव्या लागणार नाहींत. पंपाच्या किंमतीइतकीच रक्कम सेटांसाठीं, बॅटरीसाठीं व वर्षांतून एकदां मापाच्या परीक्षेसाठीं बाजूस ठेवावी. पैसा थोडा असेल तर दोन पंपांऐवजीं एकच द्यावा. वापरलेला सेट धुऊन पुन्हां घालण्याची काटकसर कोणी सुचविली तर स्पष्ट नाहीं म्हणावें. तो एका रोग्यापुरताच असतो.

आमच्या येथील निवृत्त मंडळींच्या संघापुढें गेल्या महिन्यांत हाच विषय निघाला होता. एक जुने वकील म्हणाले, ‘‘मास्तर, पंपावर नांव घालतां येतें, फेंकून द्यावयाच्या नळीवर कोणाचें नांव घालणार?’’ सभेंत हंशा झाला, पण शंका खोटी नव्हती. नांवासाठीं देणाऱ्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. नांवावांचून आपल्या गांवांतल्या किती धर्मशाळा उभ्या राहिल्या असत्या? शेवटीं असें ठरलें कीं, पंप एकच घ्यावा, त्यासोबत एक चांगलें मोजण्याचें नळकांडें व एक जाड वही द्यावी, आणि दर तीन महिन्यांनीं कोणत्या सेटानें, ताशीं किती लावले व किती भरले हें त्या वहींत सहीसह लिहिलें जावें. पट्टी लावावयाची ती कपाटावर, म्हणजे सेट संपले तरी नवे आणून ठेवण्याची आठवण दात्याच्या घरच्यांसही राहील. अभियंता शिष्यानें पहिल्या वर्षाची परीक्षा विनामूल्य करण्याचें कबूल केलें आहे. सेट दोन वर्षांचे द्यावयाचे कीं तीन, हें जमलेली रक्कम पाहून येत्या बैठकींत ठरावयाचें आहे.